पहिली गुंतवणूक मागण्याआधी: आकडा, वाटा आणि कागद

स्टार्टअपमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घालणाऱ्याला नफा बघायला मिळत नाही, कारण तो अजून झालेलाच नसतो. त्याच्यासमोर असतात त्या शंका. हे बनेल का? बनलं तर कोणी पैसे मोजून घेईल का? घेणारा पुढच्या वर्षी टिकेल का? एकेका ग्राहकामागे चार पैसे सुटतील का? आणि हे दोघं-तिघं एकत्र राहतील का? गुंतवणुकीच्या प्रत्येक फेरीतला पैसा यातल्या एक-दोन शंका कायमच्या मिटवण्यासाठी असतो. किती मागायचं, किती वाटा द्यायचा, कुठल्या महिन्यात मागायचं, हे सगळं ‘आत्ता कुठली शंका मिटवायची आहे’ या एकाच प्रश्नावरून ठरतं. हा प्रश्न न सोडवता केलेलं सादरीकरण कितीही देखणं असलं तरी गुंतवणूकदार दहाव्या मिनिटाला त्यातून बाहेर पडलेला असतो.

हा पैसा आपल्या धंद्याचा आहे का?

समोरच्याचं गणित आधी समजून घ्या. समजा लोकांचे पैसे गोळा करून स्टार्टअपमध्ये घालणारा १०० कोटींचा फंड आहे. त्याची मुदत दहा वर्षांच्या आसपास असते आणि दरवर्षी सुमारे दोन टक्के व्यवस्थापन खर्चात जातात. म्हणजे प्रत्यक्ष गुंतवायला ८० कोटी उरतात आणि ते पंचवीस-तीस कंपन्यांत विभागले जातात. ज्यांनी फंडात पैसे ठेवले त्यांना दहा वर्षांत तिप्पट तरी परत हवे असतात, म्हणजे ३०० कोटी. बहुतेक कंपन्या बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात, म्हणून हा सगळा भार दोन-तीन कंपन्यांवर येतो. शेवटी फंडाच्या हातात एखाद्या कंपनीचा १० टक्के वाटा उरला, तर त्यातून १०० कोटी यायला ती कंपनी १,००० कोटींची व्हावी लागते. म्हणून फंडवाला तुमच्याकडे बघताना मनात एवढंच विचारत असतो: ही तेवढी मोठी होऊ शकते का?

वर्षाला दोन कोटी निव्वळ नफा देणारा मसाल्यांचा कारखाना हा उत्तम धंदा आहे, पण या गणितात तो बसत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. अशा धंद्यासाठी बँकेचं कर्ज, ग्राहकाची आगाऊ रक्कम आणि नफ्याची फेरगुंतवणूक हेच योग्य भांडवल. सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या कर्जहमी योजनेत तारणाशिवायच्या कर्जाला १० कोटींपर्यंत हमी मिळते, आणि पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत उत्पादन प्रकल्पाला ५० लाखांच्या खर्चापर्यंत अनुदान मिळतं. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीत सेक्वॉया या फंडाचे ६० कोटी २०१० साली आले. तोवर कंपनी आपल्या कमाईवर उभी होती. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. उशिरा पैसा घेणं हाही एक रस्ता आहे, हे विसरू नये.

वैयक्तिक गुंतवणूकदार, म्हणजे एंजल, स्वतःच्या खिशातून ५ ते २५ लाख घालतात, म्हणून त्यांचं गणित थोडं सैल असतं. पण त्यांनाही कधीतरी बाहेर पडायचं असतं आणि त्यांचा वाटा विकत घेणारा पुढे बहुधा फंडच असतो.

एका ग्राहकाचा हिशेब एका पानावर

यापुढची चर्चा ठोस राहावी म्हणून एक उदाहरण धरू. सांगली-तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रणा विकणारी एक कंपनी आहे. आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची पद्धत हीच.

एका चेंबरमागे यंत्राची किंमत १४,००० रुपये. बसवायला जाण्यायेण्याचा आणि माणसाचा खर्च ३,०००. ग्राहक मिळवायला, म्हणजे विक्रीवाल्याचा पगार, प्रवास आणि फुकट दाखवलेली प्रात्यक्षिकं धरून, १०,०००. एकूण २७,०००. दरमहा शुल्क २,५००. त्यातून सिमकार्ड, सर्व्हर आणि दुरुस्तीच्या फेऱ्या मिळून ७०० जातात आणि १,८०० उरतात. घातलेले पैसे सुटायला १५ महिने लागतात.

आता शुल्काची रचना बदलून पाहा. बसवण्याचे ९,००० सुरुवातीलाच घेतले तर अडकलेली रक्कम १८,००० वर येते आणि पैसे १० महिन्यांत सुटतात. त्यावर वर्षाचं शुल्क आगाऊ घेतलं तर पहिल्याच दिवशी ३९,००० हातात येतात आणि वर्षभराचा सगळा खर्च ३५,४०० होतो. म्हणजे ग्राहकच पुढच्या यंत्राचं भांडवल पुरवतो. उत्पादन तेच, ग्राहक तोच, फक्त पैसे घेण्याची वेळ बदलली आणि बाहेरून आणायची रक्कम घटली. वाटा देण्याआधी हा प्रयोग करून बघा. दहापैकी चार ग्राहक आगाऊ पैसे द्यायला तयार झाले, तर गुंतवणूकदारासमोर तुमच्या मालाची खरी गरज आहे याचा त्याहून मोठा पुरावा नाही.

या पानावर हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी तीन. संस्थापकांनी स्वतः केलेली विक्री फुकट धरली जाते, पण उद्या तेच काम पगारी माणूस करणार आहे. त्याचा पगार आजच लावा. दुसरी, बिघडणारी यंत्रं. शंभरात दहा यंत्रं दरवर्षी बदलावी लागली तर चेंबरमागे वर्षाला १,४०० रुपये वाढतात. तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी, हंगाम. बेदाणा फेब्रुवारी-मार्चपासून कोल्ड स्टोरेजमध्ये यायला लागतो. जूनमध्ये ‘एकही ग्राहक गेला नाही’ असं सांगण्यात अर्थ नसतो, कारण सोडून जाण्याचा निर्णय तो पुढच्या हंगामाआधी घेणार असतो. एक पूर्ण हंगाम उलटल्याशिवाय ग्राहक टिकला असं म्हणता येत नाही. शाळांना विकणाऱ्यांसाठी हाच हंगाम जूनचा असतो आणि खतं-औषधंवाल्यांसाठी खरीप-रब्बीचा.

किती मागायचं आणि कधी

‘दोन कोटी हवेत’ हा आकडा हवेतून येतो तेव्हा पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो. तो खालून बांधत आणा. वरच्या कंपनीला मिटवायची शंका आहे: ग्राहक दुसऱ्या वर्षी शुल्क भरतो का? त्यासाठी १५० चेंबर बसवायचे आणि त्यातल्या किमान ८० टक्क्यांचं नूतनीकरण दाखवायचं. येणं वजा करून दरमहा ६ लाख खर्च, १८ महिन्यांचे १ कोटी ८ लाख. यंत्रांचा साठा २१ लाख. त्यावर १५ टक्के अडीअडचणीसाठी. बेरीज दीड कोटीच्या आत बसते.

आता महिना बघा, कारण इथे खूप कंपन्या घसरतात. पैसे नोव्हेंबरमध्ये आले तर जानेवारीपर्यंत यंत्रं लागतात, फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो, आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पंधराव्या महिन्याच्या आसपास, नूतनीकरणाचा निकाल हातात येतो. तेच पैसे मे महिन्यात आले तर यंत्रं बसतात थेट पुढच्या हंगामात आणि नूतनीकरणाचा निकाल एकविसाव्या महिन्यात लागतो. पैसे मात्र अठराव्या महिन्यातच संपलेले असतात. रक्कम तीच, माणसं तीच. कंपनी शंकेचं उत्तर मिळण्याच्या तीन महिने आधी बंद पडते.

फेरी पूर्ण व्हायला पहिल्या भेटीपासून खात्यात पैसे येईपर्यंत चार ते सहा महिने धरा. म्हणून आठ-नऊ महिन्यांचा पैसा शिल्लक असतानाच मागायला निघा. तीन महिने उरल्यावर निघालात तर समोरच्याला ते बँकेच्या उताऱ्यावरून कळतं आणि भाव पडतो. शिल्लक मोजताना खात्यातला जीएसटी आणि कापून ठेवलेला टीडीएस वजा करा. ते पैसे सरकारचे आहेत. ते पगाराला वापरले की पुढच्या महिन्यात खड्डा दुप्पट होतो, आणि कापलेला टीडीएस न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज चढतं.

वाट्याचा हिशेब

दीड कोटी घ्यायचे आणि पैसे येण्याआधीचं मूल्यांकन ६ कोटी ठरलं, तर पैसे आल्यानंतरचं मूल्यांकन साडेसात कोटी होतं आणि गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के. बोलताना ‘आधीचं’ की ‘नंतरचं’ हे प्रत्येक वेळी स्पष्ट करा. ‘सहा कोटींवर दीड’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ६ कोटी हे नंतरचं मूल्यांकन असेल तर वाटा २५ टक्के जातो.

मग येतो ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे शेअर देण्यासाठी राखून ठेवायचा वाटा. गुंतवणूकदार सहसा म्हणतो, १० टक्के आत्ताच बाजूला काढा, आणि ते माझ्या पैशाआधी. म्हणजे फेरीनंतर गुंतवणूकदार २०, ईसॉप १०, संस्थापक ७०. साडेसात कोटींचे ७० टक्के म्हणजे सव्वापाच कोटी. तुमच्या हातातल्या कंपनीचं मूल्यांकन ६ कोटी नसून सव्वापाच आहे. यात फसवणूक काही नाही, पण घासाघीस करताना हा आकडा डोळ्यांसमोर हवा. पुढच्या अठरा महिन्यांत नेमकी किती माणसं घ्यायची आणि कोणाला किती द्यायचं याची यादी केलीत, तर दहाऐवजी सहा-सात टक्क्यांत भागतं असं बऱ्याचदा दिसून येतं. यादी घेऊनच बोलायला बसा. ईसॉप दिल्यापासून तो हक्काचा व्हायला कायद्याने किमान एक वर्ष जावं लागतं, हेही माणूस घेताना सांगून ठेवा.

पुढच्या फेरीत आणखी २० टक्के गेले की संस्थापक ५६ वर येतात, त्यापुढे १५ टक्के गेले की साधारण ४७.६ वर. इथपर्यंत ठीक आहे. बिघडतं ते पहिल्या फेरीच्याही आधी. कोणा ओळखीच्याने १० लाख दिले आणि ४० टक्के घेतले, तर संस्थापक ६० वरून सुरुवात करतात, वरच्या दीड कोटींच्या फेरीनंतर ४२ वर येतात आणि पुढच्या फेरीनंतर ३४ च्याही खाली. कामाचा सगळा भार वाहणाऱ्यांकडे एवढा कमी वाटा दिसला की पुढचा फंड मागे सरतो, कारण कठीण दिवसांत हे लोक टिकतील का, ही त्याची शंका वाढते. यावर नंतर उपाय करणं अवघड असतं. ४० टक्केवाल्याने काही शेअर परत द्यायला होकार दिला तरी वाजवी मूल्यापेक्षा कमी भावात हस्तांतर झालं, तर नातलग नसलेल्या घेणाऱ्यावर कर लागू शकतो. पहिल्या १०-१५ लाखांसाठी ५ ते ८ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. ‘ओळखी करून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराला अर्धा ते एक टक्का पुरे, तोही दोन वर्षांत थोडाथोडा हक्काचा होणारा.

दोघांमधला करार

लग्नाच्या याद्या करताना दोन्ही घरं देणंघेणं लिहून काढतात, सह्या करतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. संस्थापकांनी तेच करायचं असतं. तरी ‘आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत’ म्हणून बऱ्याचदा हा कागद टाळला जातो.

पन्नास-पन्नास टक्के घेतलेल्या दोघांपैकी एक आठव्या महिन्यात परदेशी नोकरीला गेला, तर अर्धी कंपनी त्याच्याबरोबर जाते. उरलेला माणूस पुढची सात वर्षं राबतो ती निम्मी त्याच्यासाठी. म्हणून वाटा चार वर्षांत पिकू द्यावा, म्हणजे थोडाथोडा हक्काचा होऊ द्यावा: पहिले बारा महिने काहीच नाही, बारावा पूर्ण होताच चौथा हिस्सा, मग दरमहा अठ्ठेचाळिसावा भाग. न पिकलेले शेअर जाणाऱ्याने दर्शनी किमतीला परत द्यायचे. ही अट आपसातल्या करारात लिहून पुरत नाही, कंपनीच्या आर्टिकल्समध्येही, म्हणजे नोंदणीकृत नियमावलीत, उतरवा, नाहीतर कंपनीवर ती बंधनकारक ठरवताना वाद होतो. कोणाचा पगार किती, शेवटचा शब्द कुठल्या विषयात कोणाचा, दुसरा धंदा करता येईल का, हे त्याच कागदावर.

त्याच दिवशी आणखी एक काम उरका. सॉफ्टवेअर, डिझाइन, यंत्राचे आराखडे कंपनीच्या मालकीचे आहेत का, ते तपासा. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं, पण फ्रीलान्सरने पैसे घेऊन लिहिलेला कोड लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्याचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक बारीक कलम आहे: हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द नसल्यामुळे नंतर तपासणीत अडकलेल्या कंपन्यांना त्या फ्रीलान्सरला शोधत फिरावं लागतं. डोमेन आणि ट्रेडमार्कही संस्थापकाच्या नावावरून कंपनीच्या नावावर आणा. पेटंट घेण्यासारखं काही असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज दाखल करा. एकदा जाहीर झालं की नावीन्य संपतं.

आकडे कसे तपासले जातात

विक्रीचे तीन वेगळे रकाने ठेवा: मिळालेली ऑर्डर, फाडलेलं बिल, झालेली वसुली. सादरीकरणात पहिला रकाना असतो, गुंतवणूकदार तिसऱ्यापासून वाचायला सुरुवात करतो. बँकेचा उतारा, जीएसटीची ३बी विवरणपत्रं आणि आयकराचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, समोरासमोर ठेवले की अर्ध्या दिवसात फरक दिसतो. जीएसटीसकट रकमेला उत्पन्न म्हणणं, मध्यस्थ असून पूर्ण व्यवहाराची रक्कम आपली विक्री म्हणून दाखवणं, फुकट चालू असलेल्या चाचणीला ग्राहक म्हणणं, या तिन्ही गोष्टी इतक्या नेहमीच्या आहेत की त्या आधी शोधल्या जातात. जानेवारी २०२३ मध्ये गोमेकॅनिक या गाडीदुरुस्तीच्या स्टार्टअपच्या सहसंस्थापकाने आर्थिक नोंदींत चुका केल्याची जाहीर कबुली दिली आणि सुमारे ७० टक्के माणसं कमी करावी लागत असल्याचंही सांगितलं. लहान आकडा खरा सांगितला तर भाव थोडा कमी मिळतो. मोठा आकडा खोटा निघाला तर माणूसच बाद होतो.

उधारी हा मराठी उद्योजकांचा जुना आजार. मोठ्या कंपनीला माल दिला, नाव मोठं झालं, पैसे पाच महिन्यांनी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. खरेदीदारावर दावा लावण्याची वेळ येऊ नये, पण हा नियम ऑर्डरच्या कागदावर छापलेला असला की हिशेब विभागाची हालचाल वेगळी होते.

एक फोल्डर आत्तापासून तयार ठेवा: कंपनी नोंदणीची कागदपत्रं, शेअरधारकांची यादी आणि प्रत्येक वाटपाचे ठराव, ताळेबंद, बारा महिन्यांचे बँक उतारे, जीएसटी आणि टीडीएसची विवरणपत्रं, व्यवसाय कर, पीएफ-ईएसआयसी लागू असेल तर त्याच्या पावत्या, सगळे करार. कंपनी स्थापन झाल्यावर १८० दिवसांत भरायचा आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याची घोषणा) आणि दरवर्षीचे एओसी-४ (ताळेबंद), एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे कंपनी निबंधकाकडचे फॉर्म राहिले असतील तर आधी भरा. वार्षिक फॉर्मच्या उशिराला प्रत्येकी दिवसाला १०० रुपये दंड चढत असतो. मित्राकडून कंपनीच्या खात्यात उसने घेतले असतील तर सीएला विचारा. तो संचालक, संचालकाचा नातलग किंवा शेअरधारक नसेल तर ती रक्कम ठेव ठरते आणि खासगी कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत.

भेट

पहिला ईमेल सहा-सात ओळींचा. काय विकता, कोणाला, आत्तापर्यंतची वसुली किती, किती पैसे हवेत, त्यातून कुठली गोष्ट सिद्ध करणार. सोबत दहा-बारा पानांचं सादरीकरण. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘मार्गदर्शनासाठी भेटायचं आहे’ म्हणून आलेला माणूस अर्ध्या तासाने पैशावर आला की दोघांचाही वेळ जातो. रक्कम पहिल्याच पानावर लिहा. गुप्ततेचा करार पहिल्या भेटीत मागू नका, बहुतेक फंड तो करत नाहीत. जे गुपित आहे ते सांगू नका.

‘थोडं आणखी काम होऊ दे, मग बोलू’ याचा अर्थ आज नकार. तेव्हा एकच प्रश्न विचारा: कुठला आकडा दिसला तर निर्णय बदलेल? नेमकं उत्तर मिळालं तर ती शंका तुम्हाला फुकट कळली. नाही मिळालं तर पुढे चला.

टर्म शीटमधली तीन-चार कलमं

टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा पहिला कागद, बहुतांशी बंधनकारक नसते. गुप्तता, खर्च आणि ठरावीक दिवस दुसऱ्याशी बोलायचं नाही ही अट, एवढंच सहसा बांधून घालतं. ती मुदत ३० ते ४५ दिवसांवर ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ कंपनी विकली गेल्यास पैसे कसे वाटायचे या कलमावर द्या. दीड कोटी घालून २० टक्के घेतलेल्या गुंतवणूकदाराची कंपनी समजा ५ कोटींना विकली. ‘एकपट, सहभागाशिवाय’ असेल तर तो आपले दीड कोटी किंवा २० टक्के (म्हणजे १ कोटी) यातलं मोठं घेतो. दीड त्याला, साडेतीन इतरांना. ‘एकपट, सहभागासह’ असेल तर आधी दीड कोटी आणि उरलेल्या साडेतीन कोटींचे २० टक्के, म्हणजे ७० लाख, असे २ कोटी २० लाख नेतो. ‘दुप्पट, सहभागासह’ असेल तर ३ कोटी ४० लाख, आणि संस्थापक, कर्मचारी सगळ्यांत मिळून उरतात १ कोटी ६० लाख. पहिला प्रकार रास्त आहे. मूल्यांकन ५० लाखांनी वाढवून घेण्यासाठी दुसरा-तिसरा स्वीकारणं हा तोट्याचा सौदा.

पुढची फेरी कमी भावात झाली तर गुंतवणूकदाराला भरपाई देणारं कलम भारित सरासरीचं असावं, म्हणजे नव्या फेरीच्या आकाराच्या प्रमाणातच त्याचा जुना भाव खाली येतो. ‘फुल रॅचेट’, म्हणजे जुना भाव थेट नव्या भावावर आणणारी अट, लिहिलेलं असेल तर हात जोडून नाही म्हणा. ठरावीक वर्षांत बाहेर पडता आलं नाही तर संस्थापकांनी वैयक्तिकरीत्या शेअर विकत घ्यायचे, असं कुठे लपलेलं नाही ना ते बघा. गुंतवणूकदाराच्या लेखी परवानगीच्या विषयांची यादीही वाचा: नवीन शेअर, मोठं कर्ज, धंदा बदलणं ठीक, पण ५०,००० च्या खरेदीलाही परवानगी लागत असेल तर काम ठप्प होईल. वकील स्टार्टअपचे करार करणारा घ्या. जमिनीच्या दाव्यांत तरबेज असलेल्या वकिलाला ही कलमं रोज दिसत नाहीत.

पैसे खात्यात घेण्याचा क्रम

हा क्रम चुकला की दुरुस्तीला महिने लागतात. ‘आधी पैसे पाठवतो, कागद नंतर करू’ हे ऐकून घेऊ नका. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे असं धरून:

१. नोंदणीकृत मूल्यांककाकडून शेअरच्या किमतीचा अहवाल घ्या.
२. संचालक मंडळाचा ठराव, मग शेअरधारकांच्या सभेत विशेष ठराव. त्याचा एमजीटी-१४ फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरा.
३. त्यानंतरच पीएएस-४ हे प्रस्तावपत्र नावानिशी द्या. एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना देता येत नाही.
४. वेगळं बँक खातं उघडा. रक्कम गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच यायला हवी. भावाच्या किंवा फर्मच्या खात्यातून आलेली परत पाठवा.
५. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप करा. नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत परतफेड, तीही चुकली तर साठाव्या दिवसानंतरचं वर्षाला १२ टक्के व्याज.
६. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म भरा. तो भरेपर्यंत या पैशाला हात लावता येत नाही. पगार थकले असतील तरी नाही.
७. दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्र द्या. मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे दीड कोटींवर ७५० रुपये. रक्कम क्षुल्लक म्हणून राहून जाते आणि तपासणीत नेमकी सापडते.

मूल्यांकन आत्ता ठरवायचं नसेल तर कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज, घेता येते, पण त्यासाठी डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी आणि एका गुंतवणूकदाराकडून एकरकमी किमान २५ लाख. पाच-पाच लाख देणाऱ्यांसाठी सीसीपीएस, म्हणजे सक्तीने समभागांत बदलणारे प्राधान्य शेअर, हा नेहमीचा मार्ग. छोट्या रकमा देणारे वीस जण झाले तर पुढे प्रत्येक ठरावाला वीस सह्या गोळा कराव्या लागतात. त्यांना एखाद्या एंजल फंडातून एकत्र आणलं तर यादीत एकच नाव येतं.

न्यू जर्सीतला मामा किंवा दुबईतला वर्गमित्र पैसे देत असेल तर आधी विचारा: हे पैसे परत देशाबाहेर न्यायचे आहेत का? न्यायचे नसतील, तर अनिवासी भारतीयाची परत न नेण्याच्या अटीवरची गुंतवणूक देशांतर्गत धरली जाते. न्यायचे असतील तर ती परकीय गुंतवणूक. शेअर वाजवी मूल्यापेक्षा स्वस्त देता येत नाहीत, आणि वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा परकीय गुंतवणुकीचा फॉर्म भरावा लागतो. ‘एंजल टॅक्स’ची, म्हणजे वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर दिल्यास कंपनीवर लागणाऱ्या कराची, भीती मात्र आता बाळगायला नको. २०१२ साली आलेली ती तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकली.

पैसे आल्यानंतर

दर महिन्याच्या १० तारखेच्या आत गुंतवणूकदारांना एक पानभर ईमेल पाठवा. खात्यातली शिल्लक, महिन्याचा निव्वळ खर्च, किती महिने पुरेल, वसुली, ज्या शंकेसाठी पैसे घेतले तिचा आकडा, काय बिघडलं, आणि काय मदत हवी, नावानिशी: ‘अमुक कोल्ड स्टोरेजच्या मालकांशी ओळख करून द्या.’ वाईट महिन्यात ईमेल थांबतो आणि तिथूनच गुंतवणूकदाराला वास येतो. शिल्लक सहा महिन्यांच्या खाली आली की त्याच आठवड्यात दोन याद्या करा: उद्यापासून कुठला खर्च थांबवला तर नऊ महिने निघतील, आणि जुन्या गुंतवणूकदारांपैकी कोण किती पुढे घालू शकतो. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, ईमेल नको, आणि पहिली यादी हातात घेऊनच करा.